वार करून निसटता आलं पाहिजे

ऐरोलीच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे आपापलं कॅरेक्टर घेऊन फाशांवर खेळायचा टेबलावरचा खेळ, त्याची त्यांच्या ग्रुपची नवी मोहीम पहिल्या लेव्हलपासून सुरू होतेय. त्याच्या डोक्यात येऊरच्या जंगलात वाढलेला एक नाथपंथी तलवारबाज आहे. कानात कुंडलं, अंगावर चिलखत जवळजवळ नाही, हातात एकच तलवार. वार केला की समोरच्याला सापडत नाही आणि त्या तलवारीत काहीतरी विद्या आहे. कॅरेक्टरचा क्लास, म्हणजे पेशा, कुठला घ्यायचा यावर ग्रुपमधला एक जण त्याला ब्लेडसिंगर घे म्हणतो, दुसरा हेक्सब्लेड, तिसरा मंक. टेबलावर एक पॅलाडिन (धर्मयोद्धा), एक विझर्ड (जादूगार) आणि एक ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आधीच आहेत. नियम 2014 चे, त्यात झनाथर आणि ताशा ही दोन्ही पुरवणी पुस्तकं धरलेली. "ताई, नक्की काय घेऊ?"

आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. वंश हाय एल्फ घे, क्लास ‘रोग’ (rogue, चोरपावलांचा चपळ लढवय्या) घे, तिसऱ्या लेव्हलला त्या क्लासची स्वॉशबकलर ही शाखा, म्हणजे सबक्लास, घे आणि एल्फ म्हणून जी एक कँट्रिप (छोटी जादू) फुकट मिळते तिथे बूमिंग ब्लेड लिही. तुझ्या तीनही मित्रांनी हे नाव घेतलं नाही, कारण या क्लासच्या वर्णनात गूढ असं काहीच नाही. त्यांनी वर्णनं वाचली. तू तुझ्या टर्नमध्ये काय काय घडतं ते वाच.

चपळपणापासून सुरुवात करू. बहुतेक जण डेक्स्टेरिटीचा आकडा 16-17 केला की कॅरेक्टर चपळ झालं असं धरून चालतात. त्या आकड्याने तुझा नेम सुधारतो आणि शत्रूचा वार थोडा जास्त वेळा चुकतो, एवढंच. टेबलावर चपळाई दिसते ती वेगळ्या ठिकाणी. शत्रूजवळ जायचं, वार करायचा आणि त्याच टर्नमध्ये त्याच्या हातापासून दूर व्हायचं. या खेळाचा नियम इथेच आडवा येतो. शत्रूच्या टप्प्यातून तू बाहेर पडलास की त्याला रिअ‍ॅक्शन वापरून तुझ्यावर एक फुकटचा वार करता येतो. त्यामुळे ज्या कॅरेक्टरला हा वार टाळायची सोय नाही, ते शत्रूला चिकटून उभं राहतं आणि आळीपाळीने मार देत-खात बसतं. मग डेक्स्टेरिटी 20 असली तरी चित्र दोन पैलवानांचंच.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ बघितला असशील. दांडपट्टा फिरवणाऱ्याचं पातं सगळे बघतात. पुढच्या वेळी त्याचे पाय बघ. वार संपायच्या आत पुढचा पवित्रा पडलेला असतो. तुला हवा असलेला तलवारबाज तो आहे, आणि म्हणून कुठलाही क्लास तपासताना माझा पहिला प्रश्न असतो: वार करून निसटायला याला काय मोजावं लागतं?

दुसरा प्रश्न गूढतेचा, आणि तो वेळेशी बांधलेला आहे. नेरूळला आमचा डाव रविवारी तीनला बसतो आणि सातला उठतो. ठाण्याहून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बरने परत जायचं असतं, सोमवारी सगळ्यांना कामं असतात. पाच खेळाडू असले की या चार तासांत फार तर दोन लढाया होतात आणि एकेकाच्या वाट्याला सात-आठ टर्न येतात. विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये यात परीक्षांची भर. मी चालवलेल्या कॉलेजच्या मोहिमा आठव्या लेव्हलच्या पुढे क्वचित गेल्या. तेव्हा ज्या विद्येची मजा अकराव्या लेव्हलला सुरू होते ती तुझ्यासाठी नाहीच. जी दिवसातून दोनदा वापरून संपते ती उरलेल्या पाच-सहा टर्नमध्ये कुणाला दिसणार नाही. तुझा तलवारबाज दर टर्नला तुझा तलवारबाज वाटला पाहिजे.

आता ब्लेडसिंगर. मी स्वतः तो खेळले आहे आणि मला तो मनापासून आवडतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त बोलते. हा विझर्डचा सबक्लास आहे. 2015 मध्ये तो पहिल्यांदा या आवृत्तीत आला तेव्हा फक्त एल्फ आणि हाफ-एल्फांसाठी होता. 2020 च्या ताशामध्ये ती अट गेली. बोनस अ‍ॅक्शनने (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीने) ब्लेडसाँग, म्हणजे त्याचं लढाईचं गाणं, सुरू केलं की एक मिनिटभर इंटेलिजन्सचा बोनस (16 ला 3) आर्मर क्लासमध्ये, म्हणजे वार लागायला शत्रूला गाठावा लागणाऱ्या आकड्यात, मिळतो आणि वेग 10 फुटांनी वाढतो. दुसऱ्या लेव्हलला डेक्स्टेरिटी आणि इंटेलिजन्स दोन्ही 16 धरले तर मेज आर्मर या बचावाच्या स्पेलसकट आर्मर क्लास 16 आणि गाणं सुरू झालं की 19. वर शील्ड स्पेल टाकलं तर 24. कागदावर हे पाहून कुणीही भुलेल, मीही भुलले.

पण विझर्डचा हिट डाय, म्हणजे हिट पॉइंट (अंगातला जीव) ठरवणारा फासा, सहाचा. कॉन्स्टिट्यूशन 14 असूनही दुसऱ्या लेव्हलला माझे हिट पॉइंट होते 14. ओगर या राक्षसाच्या एका फटक्याची सरासरी 13 असते, आणि आर्मर क्लास 19 असला तरी त्याचा फटका शंभरात चाळीस वेळा लागतो. शील्ड टाकून वाचता येतं, पण त्या लेव्हलला स्पेल स्लॉट (दिवसात किती स्पेल्स टाकता येतात त्याचा कोटा) तीन, त्यातला एक मेज आर्मरला सकाळीच गेलेला. आणि ब्लेडसाँग स्वतः दिवसातून दोनदाच. शिवाय निसटायची सोय यात कुठेच नाही. वेग वाढतो, पण फुकटचा वार टळत नाही. त्यासाठी मिस्टी स्टेप, म्हणजे क्षणात दुसरीकडे प्रकट व्हायचं स्पेल, लागतं. ते तिसऱ्या लेव्हलला मिळतं, तेव्हा दुसऱ्या पातळीचे स्लॉट दोन असतात. एकदा जमिनीवर पडल्यावर पुढचे तीन रविवार मी पॅलाडिनच्या मागे उभी राहून फायर बोल्ट टाकत होते. तलवार म्यानात. सहाव्या लेव्हलपासून मात्र हा सबक्लास खरोखर फुलतो, कारण दोन वारांपैकी एकाच्या जागी कँट्रिप टाकता येते. तिथपर्यंत पोचायची खात्री असती आणि टेबलावर दुसरा विझर्ड नसता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. तुमच्याकडे विझर्ड आहे. तुम्ही दोघं एकाच पुस्तकातून तीच स्पेल्स लिहीत बसाल आणि तुझ्या साधूचं वेगळेपण तिथेच पुसलं जाईल.

मंक सुचवणारा तुझा मित्र खूप जवळ आलाय. त्यातही झनाथरमधला केन्साय. लाँगस्वॉर्डला तो आपलं शस्त्र मानू शकतो आणि ती डेक्स्टेरिटीने चालवू शकतो. चिलखत न घालता आर्मर क्लास डेक्स्टेरिटी आणि विझ्डमवर चालतो, दुसऱ्या लेव्हलपासून वेग 10 फुटांनी वाढतो, नवव्या लेव्हलला भिंतीवरून आणि पाण्यावरून धावता येतं. तुझ्या चित्राशी इतकं जुळणारं वर्णन दुसऱ्या कुठल्या क्लासचं नाही.

अडचण तिसऱ्या आणि चौथ्या लेव्हलला आहे, आणि ती कागद वाचताना कळत नाही. केन्सायचं बचावाचं कौशल्य आहे अ‍ॅजाइल पॅरी, आर्मर क्लास दोनने वाढवणारं. त्यासाठी अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनमध्ये एक वार हाताचा किंवा लाथेचा करावा लागतो, तलवार नुसती धरून. पाचव्या लेव्हलपर्यंत अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनमध्ये वारच एक असतो. म्हणजे स्वतःला वाचवायचं तर तलवार हातात धरून लाथ मारायची, आणि तलवार चालवायची तर बचाव सोडायचा. माझ्या टेबलावरच्या एका मैत्रिणीने या दोन लेव्हल खेळताना प्रत्येक टर्नला हा हिशोब केला आणि शेवटी ती म्हणाली की तलवार नुसती शोभेला आहे. निसटायला तिला डिसएंगेज (फुकटचा वार न खाता मागे सरायची कृती) लागायचं, त्याला एक ‘की’ पॉइंट (मंकची मोजकी आंतरिक शक्ती), आणि तिसऱ्या लेव्हलला हे पॉइंट असतात तीन. मोबाइल हे फीट (जादा खास कौशल्य) घेतलं तर निसटणं फुकट होतं, पण त्यासाठी व्हेरियंट ह्यूमनसारखा पहिल्याच लेव्हलला फीट देणारा वंश घ्यायला हवा किंवा चौथ्या लेव्हलपर्यंत थांबायला हवं. पाचव्या लेव्हलला मात्र एक वार तलवारीचा, एक लाथेचा, बचाव चालू, वर बोनस अ‍ॅक्शनला आणखी एक फटका, आणि लागलेल्या फटक्यावर एक ‘की’ पॉइंट खर्चून समोरच्याला सुन्न करायची संधी. तेव्हा तिच्याकडे बघताना सगळं टेबल थांबायचं. तुमची मोहीम पाचव्या लेव्हलला सुरू होणार असती तर मी डोळे झाकून केन्साय सांगितलं असतं.

हेक्सब्लेडबद्दल थोडक्यात. तो करिश्म्याने तलवार चालवतो, मध्यम चिलखत आणि ढाल घेतो, स्पेल स्लॉट दहाव्या लेव्हलपर्यंत फार तर दोन. शूर आहे, भेदक आहे, पण पाय जागचे हलत नाहीत. एल्ड्रिच नाइट हा जादू जाणणारा फायटरही चांगला, फक्त त्याला मिस्टी स्टेप आठव्या लेव्हलच्या आत शिकता येत नाही, आणि तिथे तुमची मोहीम संपत आलेली असेल. कॉलेज ऑफ स्वोर्ड्सचा बार्ड सुंदर आहे, पण तो सभेतला माणूस. तुझा साधू जंगलातला आहे.

आता स्वॉशबकलर. तिसऱ्या लेव्हलला त्याला फॅन्सी फुटवर्क मिळतं. ज्याच्यावर तू जवळून वार केलास, मग तो लागो वा चुको, त्याला त्या टर्नमध्ये तुझ्यावर फुकटचा वार करता येत नाही. काही खर्च नाही, काही मोजायचं नाही. दुसऱ्या लेव्हललाही तू अडत नाहीस, कारण ‘रोग’ क्लासला बोनस अ‍ॅक्शनने डिसएंगेज करता येतं. म्हणजे दुसऱ्या लेव्हलपासूनच वार करून निसटणं सुरू, आणि तिसरीला तेच करून बोनस अ‍ॅक्शन मोकळी राहते, धावायला किंवा लपायला.

यावर बूमिंग ब्लेड ठेव. ही कँट्रिप आहे, म्हणजे कितीही वेळा टाक, स्लॉट लागत नाही. टाकताना तू तलवारीचा एक वार करतोस. लागला तर समोरच्याभोवती गर्जनेचं एक कवच बसतं, आणि तुझा पुढचा टर्न येईपर्यंत तो आपणहून 5 फूट जरी हलला तरी ते फुटून त्याला 1d8, म्हणजे आठच्या एका फाशाएवढी, इजा होते. आता दोन्ही एकत्र बघ. तू वार केलास, मागे सरकलास, 20 फुटांवर जाऊन उभा राहिलास. त्याला तुझ्याकडे यायचं असेल तर गर्जना सोसून यावं लागेल. नाही आला तर त्याचा टर्न वाया. विद्या आणि चपळाई इथे एकमेकींत अडकलेली आहेत, एकीशिवाय दुसरी अर्धी राहते. म्हणून मी हे सुचवतेय. आणि हाय एल्फची ही कँट्रिप इंटेलिजन्सवर असली तरी तुला इंटेलिजन्स लागत नाही. वार तलवारीचा, तो डेक्स्टेरिटीनेच होतो.

आणखी एक गोष्ट, जी नियम बारकाईने वाचल्यावर लक्षात येते. पाचव्या लेव्हलला केन्साय, पॅलाडिन, फायटर या सगळ्यांना दोन वार मिळतात. पण बूमिंग ब्लेड टाकणं हे अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनमध्ये मोडत नाही, त्यामुळे ते टाकलं की त्यांचा दुसरा वार जातो. तुझ्या क्लासला दुसरा वार कधी मिळतच नाही, तेव्हा तुझं काही जात नाही. पाचव्या लेव्हलला डेक्स्टेरिटी 18 धरून तुझा एक वार लागला तर सरासरी हिशोब असा: रेपियर या सडपातळ तलवारीचे साडेचार, डेक्स्टेरिटीचे चार, पाचव्या लेव्हलला कँट्रिप वाढते म्हणून वारातच तिचे साडेचार, स्नीक अ‍ॅटॅकच्या, म्हणजे ‘रोग’ला अनुकूल स्थितीत टर्नला एकदा मिळणाऱ्या जादा इजेच्या, तीन फाशांचे साडेदहा. एकूण साडेतेवीस. शत्रू हलला तर आणखी नऊ, कारण तिथेही आता आठचे दोन फासे. केन्सायचे तीनही फटके लागले तर त्याचीही बेरीज एवढीच येते. फरक इतकाच की त्याचा एखादा फटका चुकला तरी दोन उरतात, तुझा चुकला तर टर्न गेला. हे तुला सोसावं लागेल, आणि कधी कधी सलग दोन टर्न सोसावं लागेल.

त्यावर उपाय म्हणून काही जण डाव्या हातात दुसरं शस्त्र घ्यायला सांगतील. ऐकू नकोस. दुसऱ्या हाताचा वार अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनसोबतच मिळतो, बूमिंग ब्लेडसोबत नाही. तुला एकच तलवार हवी होती, नियमही तेच म्हणतो.

आकडे मांडताना डेक्स्टेरिटीला 15 दे, एल्फाचे दोन मिळून 17. कॉन्स्टिट्यूशन 14, करिश्मा 13, विझ्डम 12, इंटेलिजन्स 10 चा 11 होईल, स्ट्रेंग्थ 8. करिश्मा का, तर स्वॉशबकलर त्याचा बोनस इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे कोण आधी खेळणार ते ठरवणाऱ्या फाशात, मिळवतो. चौथ्या लेव्हलला एक पॉइंट डेक्स्टेरिटीला आणि एक करिश्म्याला दे. 18 आणि 14 झाले की इनिशिएटिव्ह 6. लढाईत पहिला हात बऱ्याचदा तुझाच. अंगावर पातळ चामडी चिलखत ठेवावं लागेल. साधं घातलंस तर आर्मर क्लास 14, खिळे मारलेलं घेतलंस तर 15. कफनीच्या आत आहे असं सांग, कुणी हरकत घेणार नाही.

रूपाचं बोलायचं तर इथे मला सर्वांत जास्त आनंद होतो. एल्फ झोपत नाही, दिवसातून चार तास खोल ध्यानात बसतो, हे नियमातच लिहिलेलं आहे. तुझा जोगी समाधी लावतो, बस. झोपेची जादू त्याच्यावर चालत नाही, तेही समाधीच्या अभ्यासाने. टोकदार कान नको असतील तर तुमच्या डीएमशी (खेळ चालवणाऱ्याशी) बोल, मी असते तर कुंडलांवर भागवलं असतं. कागदावर रेपियर लिहायची, टेबलावर ती फिरंग म्हणायची. सरळ, लांब पात्याची. इजा भोसकण्याची ती तशीच राहू दे, त्यात बदल मागू नकोस. आणि बूमिंग ब्लेडला मंत्राचा उच्चार नाही, फक्त हाताची हालचाल आणि तलवार लागते. नाथ जोग्यांच्या गळ्यात शिंगी असते. तुझा वार लागला की तोच नाद शत्रूच्या अंगात भरतो आणि तो हलला की फुटतो. ही त्याच्या गुरूने दिलेली साबरी विद्या आहे असं पहिल्या वेळी एकदाच सांग. पुढच्या वेळी नुसतं "शिंगी वाजली" म्हटलंस तरी चार जणांना चित्र दिसेल.

जिथे हे कमी पडतं तेही नीट समजून घे. फॅन्सी फुटवर्क फक्त ज्याच्यावर वार केलास त्याच्यापुरतं आहे. तिघांच्या घोळक्यात शिरलास आणि डिसएंगेज केलं नाहीस तर उरलेले दोघे जाताना तुला मारतील. धनुष्यवाल्याला हलायची गरज नाही, त्याच्यावर गर्जना वाया. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तू मागे सरलास आणि तुमचा पॅलाडिन त्या शत्रूला चिकटून उभा असला तर शत्रू जागेवर राहून त्यालाच मारेल. त्याचा फायदाही आहे. पॅलाडिन शेजारी असला की तुझा स्नीक अ‍ॅटॅक तसाही लागू होतो. पण कवच फुटायला हवं असेल तर शत्रू एकटा गाठायला हवा, आणि तिथेही स्वॉशबकलरला स्नीक अ‍ॅटॅक मिळतो, आजूबाजूला 5 फुटांत दुसरं कुणी नसलं तर. कुठला शत्रू पॅलाडिनचा आणि कुठला तुझा, हे पॅलाडिन खेळणाऱ्याशी आधी बोलून ठेव. आमच्या टेबलावर हे न बोलल्यामुळे एकदा तासभर धुसफूस झाली होती.

खऱ्या स्पेल्सची ओढ असेल तर तिसऱ्या लेव्हलला स्वॉशबकलरऐवजी आर्केन ट्रिक्स्टर घे. भ्रम आणि मोहिनीची स्पेल्स मिळतील, पण निसटायला बोनस अ‍ॅक्शन मोजावी लागेल. पहिल्या दोन लेव्हल दोन्हीकडे सारख्याच, त्यामुळे तोपर्यंत ठरवायची घाई नाही.

पहिल्या रविवारच्या आधी डीएमला दोन गोष्टी विचार. बूमिंग ब्लेड ताशामधून घेतलेली चालेल ना, आणि नियम नक्की 2014 चेच ना. हे दुसरं मुद्दाम विचार, कारण ग्रुपमध्ये कुणीतरी नवं पुस्तक घेतलेलं असतं आणि मग सगळं त्यावर सरकतं. 2024 च्या पुस्तकात बूमिंग ब्लेड नाही. तिथे मंकला दुसऱ्या लेव्हलपासून बोनस अ‍ॅक्शनने डिसएंगेज फुकट मिळतं, एकही पॉइंट न खर्चता, आणि पहिल्याच लेव्हलला त्याच्या फटक्याचा फासा सहाचा झालाय. त्या पुस्तकात केन्साय नाही आणि मंकला रेपियर चालत नाही, पण सिमिटर ही वक्र तलवार चालते. तसं झालं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव, मंक हो आणि हातात सिमिटर घे.